‘गाव सोडलं’ या क्रियापदाची जात

दलित आत्मकथनांत एक वाक्य या ना त्या रूपात येतंच : आम्ही गाव सोडलं. आपण ते वाचतो आणि पान उलटतो. प्रस्थापित समीक्षकही उलटतो. तो वर लिहितो, ‘लेखकाचा गावकुसाबाहेरून महानगराकडे झालेला प्रवास.’ प्रवास म्हणे! तिकीट काढून पंढरपूरला निघाल्यासारखा.

व्याकरणाच्या मास्तरला विचारा. ‘आम्ही गाव सोडलं’ या वाक्यात सोडणारा कोण? आम्ही. सुटलं काय? गाव. मग सोडायला लावणारा कोण? तो वाक्यात नाही. तो आरामात वाड्याच्या ओसरीवर बसलेला आहे. वाक्यानं त्याला बाहेर ठेवलं, म्हणून तो निर्दोष सुटला.

मराठीत प्रयोजक क्रियापद नाही असं नाही. रडणे-रडवणे, पळणे-पळवणे, उठणे-उठवणे. ‘वस्ती उठली’ आणि ‘वस्ती उठवली’ यात फक्त एका ‘व’चा फरक आहे. त्या एका अक्षरात सगळा इतिहास बसलेला आहे. आपल्या साहित्याची समीक्षा करताना हा ‘व’ कुठं गेला, कोणी खाल्ला, हे शोधायचं काम आपलं आहे. या लेखात तेवढंच करायचं आहे.

आधी एक गोष्ट नीट समजून घेऊ. जातिव्यवस्था आपल्याला गावातून हाकलते हे अर्धं सत्य आहे. ती आधी बांधून ठेवते आणि तिचं काम भागलं की हाकलते. महारकीचं वतन म्हणजे काय होतं? नावाला वतन. तुटपुंजी इनाम जमीन, बलुतं म्हणून दारोदारची भाकर, आणि बदल्यात चोवीस तासांची ताबेदारी. एकट्या माणसावर नाही, अख्ख्या घरावर. सरकारचाही हक्क, गावाचाही हक्क. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात या वतनाविरुद्ध बिल आणलं ते उगाच नव्हे. ज्या माणसाच्या पायात वतनाची बेडी आहे त्याला गाव ‘सोडता’ येत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. ते बिल तेव्हा पार पडलं नाही. मुंबई राज्यात ही कनिष्ठ वतनं कायद्यानं रद्द व्हायला १९५८ साल उजाडावं लागलं.

दुसरा दाखला फाळणीचा. १९४७ साली सुमारे दीड कोटी माणसं सीमेच्या या बाजूची त्या बाजूला झाली. त्यावर ढीगभर कथा, कादंबऱ्या, सिनेमे आले. पण त्याच वर्षी पाकिस्तानात अस्पृश्यांचं काय चाललं होतं? त्यांना भारतात यायचं होतं आणि त्यांना येऊ दिलं जात नव्हतं. का? ते अत्यावश्यक सेवेत मोडतात म्हणून. ते गेले तर संडास कोण साफ करणार? बाबासाहेबांनी १८ डिसेंबर १९४७ रोजी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून ही तक्रार केली. फाळणीच्या वाङ्मयात घर सुटल्याचं दुःख पानोपानी आहे. घर सोडू न दिल्याचं दुःख कुणाच्या वाट्याला आलं ते या पत्रात आहे. जबरीचं स्थलांतर आणि जबरीचा मुक्काम ही एकाच काठीची दोन टोकं आहेत. एक टोक पाठीत बसतं, दुसरं पायात आडवं येतं.

आता जगाकडे पाहू, कारण आपल्यातले बरेच मित्र ‘आमची वेदना काळ्यांच्या वेदनेसारखी’ असं व्यासपीठावर म्हणतात आणि टाळ्या घेतात. तुलना बरोबर आहे, पण ती टाळीपुरती नको, तपशिलात पाहिजे.

सोळाव्या ते एकोणिसाव्या शतकात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांत कोंबली गेली. पलीकडे सुमारे एक कोटी सात लाखच जिवंत उतरली. बाकीच्यांना समुद्रानं गिळलं. त्यांना कशासाठी नेलं? मुख्यतः उसासाठी, पुढं कापसासाठी. ब्रिटिश साम्राज्यात गुलामगिरी बंद करणारा कायदा १८३४ साली अमलात आला. त्याच वर्षापासून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर हिंदुस्थानातून गिरमिटिया मजुरांची रीघ लागली. त्यात मराठी बोलणारेही होते. त्यांचे वंशज आजही मॉरिशसमध्ये मराठी म्हणून ओळखले जातात. गिरमिट म्हणजे करार. कागदावर अंगठा, हातात थोडी आगाऊ रक्कम आणि पुढची वर्षं मालकाची. ही भरती थांबली १९१७ साली.

आता आपल्या ऊसतोडीकडे बघा. नवराबायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. माणसाचं नाव नाही, हत्याराचं नाव. मुकादम हंगामाच्या आधी ‘उचल’ देतो. उचल फिटेपर्यंत टोळी बांधलेली. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा तीच टोळी. गुलाम, गिरमिटिया आणि कोयता हे तिघे एक नव्हेत. गुलाम विकला जात होता, कोयता विकला जात नाही. पण साखर तीच आहे, आणि आधी पैसे देऊन माणूस बांधायची रीतही ओळखीची आहे. तुलना करायची तर अशी करा.

कापसाचा धागा तर थेट आपल्या वऱ्हाडात येतो. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झालं. गुलामांच्या हातचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना. मग साहेबाची नजर वऱ्हाडच्या काळ्या मातीवर गेली. कापसाला भाव आला, खामगाव-अकोल्याच्या पेठा फुगल्या. कापूस मुंबईला न्यायला रेल्वे आली आणि १८६७ साली ती नागपूरला पोचली. त्याच रेल्वेनं बंजारा समाजाचा बैलांच्या पाठीवरून धान्य-मीठ वाहण्याचा पिढीजात धंदा बसवला. मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आज लाखो लोक सेवालाल महाराजांच्या दर्शनाला जातात. त्या तांड्यांचा पूर्वज फिरत होता तो व्यापारासाठी. धंदा मोडल्यावर त्याचा नातू फिरतो तो मजुरीसाठी. दोघांनाही इतिहासात ‘भटके’ हाच एक शब्द. पहिला चालत होता, दुसऱ्याला चालवलं गेलं. इथंही तो ‘व’ गायब!

आणि ज्यांना मुळात गावच दिलं नाही, त्यांचं काय? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या जमाती हजेरीत आणि पुढं तारेच्या कुंपणात बांधल्या. १९५२ साली तो कायदा गेला, ‘विमुक्त’ हे नाव मिळालं, पण पोलीसपाटलाची नजर गेली नाही. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ १९८० साली आलं, लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ १९८७ साली. या पुस्तकांना बक्षिसं मिळाली, साहित्य अकादमीची मिळाली. पण समीक्षकांनी त्यांत ‘अनोख्या जगाचं दर्शन’ पाहिलं. अनोखं कुणाला? ज्यानं गाढवावर संसार लादून गावोगाव फिरणारा कैकाडी आपल्या वेशीबाहेर रोज पाहिला आणि तरी पाहिला नाही, त्याला! ‘उपरा’ या शब्दात गाव सोडल्याचं दुःख नाही. गाव कधी दिलंच नाही, हा आरोप आहे. दर्शन म्हणून वाचलं की आरोप पुसला जातो.

असाच घोळ ‘गोलपिठा’च्या बाबतीत झाला. १९७२ साली नामदेव ढसाळांचा हा संग्रह आला, त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना होती. पांढरपेशा वाचकाची सीमा जिथं संपते तिथून हे जग सुरू होतं, अशी काहीशी वाचायची दिशा त्या प्रस्तावनेनं दिली. ती प्रामाणिक होती. पण तिच्यामुळं एक सवय लागली : गोलपिठा म्हणजे मुंबईचं अधोविश्व. अरे, पण तिथं माणसं उगवली का? ढसाळ स्वतः पुणे जिल्ह्यातल्या खेडेगावातून मुंबईत आले. गोलपिठा हे कुठलं वेगळं जग नाही. आपल्या गावाच्या वेशीतून निघालेल्या वाटेचं ते दुसरं टोक आहे. गावच्या पाटलाला वगळून गोलपिठा वाचता येत नाही.

अण्णाभाऊ साठे वाटेगावहून बापाबरोबर मुंबईला पायी गेले. पुढं त्यांनी ‘माझी मैना गावावर राहिली’ लिहिली. आज ती जयंतीच्या डीजेवर वाजते, पोरं नाचतात. कुणी तिला विरहगीत म्हणतं, कुणी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं गाणं म्हणतं. दोन्ही खरं आहे. पण मैना गावावर ‘राहिली’ का, हे विचारा. कारण मुंबईत एका माणसाला झोपायला जागा नाही, तर दोघांना कुठली? गिरणीमालकाला मजूर पाहिजे होता, मजुराचा संसार नको होता. संसाराचा खर्च गावानं उचलायचा, म्हणजे गावात राहिलेल्या बाईनं उचलायचा. एवढं सगळं अर्थशास्त्र त्या गाण्याच्या पोटात आहे.

बाबूराव बागूल यांची ‘जेव्हा मी जात चोरली होती’ ही कथा याच नावाच्या संग्रहात १९६३ साली आली. तिचा नायक रेल्वेच्या नोकरीसाठी गुजरातेत जातो. जात न सांगता राहायला खोली मिळते. जात कळते आणि मार बसतो. स्थलांतराचा परिणाम काय, यावर हजार पानांचे अहवाल वाचण्यापेक्षा ही कथा वाचा. गाव सुटतं, जात सुटत नाही. ती त्याच गाडीनं, बिनतिकिटाची, त्याच्या आधी पोचलेली असते.

आता काळ्या लेखकांकडून काय शिकायचं ते सांगतो. १९१० ते १९७० या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतून सुमारे साठ लाख काळी माणसं उत्तरेकडे, पश्चिमेकडे गेली. तिथल्या इतिहासात याला ‘महास्थलांतर’ म्हणतात. रिचर्ड राईटनं १९४५ साली ‘ब्लॅक बॉय’ लिहिलं. त्यात त्याच्या मावशीच्या नवऱ्याचा दारूचा धंदा चांगला चालतो, हे गोऱ्यांना खुपतं. ते त्याला ठार मारतात. कुटुंबाला प्रेतही मिळत नाही. रातोरात सामान बांधून पळावं लागतं. इथं वाक्यात मारणारा हजर आहे, त्याचं कारण हजर आहे, नंतरची पळापळ हजर आहे. ‘आम्ही गाव सोडलं’ एवढ्यावर राईट भागवत नाही.

आपल्याकडे असं घडलं नाही का? २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटवला गेला. पेटला नाही, पेटवला. घरं जाळली, नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळेंना मारलं. माणसं लेकरं काखेत मारून शहराकडे पळाली. आपल्या वाशिमच्या दक्षिणेला लागून असलेला हिंगोलीचा मुलूख तेव्हा परभणी जिल्ह्यात होता, म्हणजे आग आपल्या शिवेला लागलेली होती. नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ रोजी. मधली साडेपंधरा वर्षं आपल्या कवितेत आग भरपूर आली आणि ती यायलाच पाहिजे होती. पण आगीनंतरची वाट कमी आली. जळालेल्या घराची जागा नंतर कुणाच्या नावावर झाली? पळालेली माणसं परत गेली का? परत गेली तर कुणाच्या शेतावर, कोणत्या अटीवर? घोषणेत हे मावत नाही. कथेत, अहवालात, आत्मकथनात मावतं.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. वाशिम १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. सहा तालुके. २०१८ साली सरकारनं याला ‘आकांक्षित जिल्हा’ म्हटलं, म्हणजे मागास राहिलेला. पुन्हा तेच. ‘राहिलेला’ की ‘ठेवलेला’? उपासमारीनं माणसं हलणं इथं नवं नाही. १८९१ साली वऱ्हाडची लोकसंख्या सुमारे २९ लाख होती, १९०१ साली ती साडेसत्तावीस लाखांवर आली. मधे दुष्काळ आणि रोगराई होती. काही मेले, काही निघून गेले. १९७२ च्या दुष्काळानंतर महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा आला, तो १९७७ सालचा. त्याचा अर्थ सरळ होता : काम मागणाऱ्याला घराजवळ काम मिळावं, जगण्यासाठी त्याला बाहेर जावं लागू नये. गाव न सोडण्याचा तो हक्क होता.

मग आज काय होतं? कपाशी होती तेव्हा दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत वेचणी चालायची, बायांच्या हाताला काम होतं. गेल्या तीसेक वर्षांत वावरं सोयाबीननं भरली. सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत निघतं. सोंगणी, मळणी दिवाळीच्या आसपास आटोपते. त्यातही आता हार्वेस्टर फिरतो. ओलिताची जमीन थोडी, ती कुणाची हे सांगायला नको. भूमिहीनानं दिवाळीपासून मृगापर्यंत काय करायचं? कुणी वीटभट्टीवर, कुणी ऊसतोडीला, कुणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. पेरणी बदलली शेतमालकानं आणि बाजारानं. गाव सुटलं मजुराचं.

वस्तीत विचारा, ‘‘समदे कुठं गेले वो माय?’’ म्हातारी म्हणते, ‘‘जगाले गेले बापा.’’ हा शब्द पाहा. जगाले गेले. म्हणजे इथं राहून जगणं होत नव्हतं. सरकारी कागद म्हणतो ‘हंगामी स्थलांतर’. समीक्षक म्हणतो ‘प्रवास’. म्हातारीच्या दोन शब्दांत मात्र कारण आहे, आरोप आहे. दलित साहित्याची भाषा कुठून घ्यायची याचं उत्तर इथं आहे.

२०२० च्या टाळेबंदीत या जगाले गेलेल्यांना साऱ्या देशानं रस्त्यावर पाहिलं. ८ मे २०२० रोजी पहाटे औरंगाबादजवळ करमाडला रुळावर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून मध्य प्रदेशात घरी निघाले होते. बातमी आली, ‘रुळावर झोपले म्हणून मेले.’ रुळावरून चालायला कुणी लावलं? बातमीच्या वाक्यात त्याचा पत्ता नाही.

एक शंका मी आधीच ओळखतो. कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच तर खेडं सोडा असं सांगितलं. मग गाव सुटल्याचं रडगाणं कशाला? शंका योग्य आहे. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या कौतुकाच्या चिंधड्या उडवल्या. म्हणून सांगतो, गावाच्या आठवणीनं गळा काढणारी, चिंच-बोरं-पाणवठ्याची कविता आपली नव्हे. त्या पाणवठ्यावर आपल्याला घागर बुडवता येत नव्हती. पण जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित वर्गांच्या अखिल भारतीय परिषदेत ठराव झाला तो नुसता ‘गाव सोडा’ असा नव्हता. अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती, त्यांच्यासाठी जमीन आणि ते घडवायला सरकारी यंत्रणा, अशी ती मागणी होती. ठरवून, जमिनीसह, एकत्र, मानानं निघणं एक. आणि उचल घेऊन, एकेकटं, रात्रीच्या ट्रकमधून जाणं दुसरं. बाबासाहेबांनी पहिलं मागितलं. आपल्या वाट्याला दुसरं आलं. दोन्हींना ‘गाव सोडलं’ हे एकच क्रियापद लावणं म्हणजे बाबासाहेबांच्या नावावर मुकादमाचा हिशोब लिहिणं.

गंमत अशी की जे साहित्याला जमलं नाही ते कायद्याला जमलं. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, कलम तीनमध्ये, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला घर, गाव किंवा राहण्याची जागा सोडायला भाग पाडणं हा गुन्हा लिहिलेला आहे. २०१५ च्या दुरुस्तीतही तो कायम आहे. ‘भाग पाडणं’! इथं कर्ता आला. पण तक्रारीत काय लिहिलं जातं? ‘अर्जदार हे कामधंद्यानिमित्त गाव सोडून गेले.’ तिथंच कलम मरतं. बहिष्कार टाकून किराणा बंद केला, पीठगिरणी बंद केली, मजुरी बंद केली आणि माणूस निघून गेला, तर तो ‘गेला’ नाही. त्याला घालवला. क्रियापद चुकलं की खटला जातो. तेव्हा ही नुसती साहित्यिक चर्चा आहे असं कुणी समजू नये.

म्हणून मित्रांनो, पुढं कुठलंही आपलं पुस्तक वाचताना ‘गाव सोडलं’ दिसलं की पेन्सिलीनं खूण करा आणि बाजूला प्रश्न लिहा. कुणी सोडायला लावलं? त्या दिवसाआधी गावात काय घडलं होतं? उचल कुणाकडून, किती? मागं कोण राहिलं? घराच्या जागेवर आज कोण आहे? नव्या जागी जात कितव्या दिवशी पोचली? पुस्तकात उत्तर असेल तर ते मोठ्यानं वाचून दाखवा. नसेल तर लेखकाला पत्र टाका.

आणि स्वतः लिहाल तेव्हा आपापल्या वस्तीतलं कुलूप लावलेलं एक घर घ्या. दिवाळीनंतर अशी घरं शोधावी लागत नाहीत. शेजाऱ्यांना विचारा, ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा पाहा, मुकादम कोण ते काढा. चार पानं झाली तरी चालतील. शुद्धलेखनाची भीती बाळगू नका, आपल्या बोलीत लिहा. फक्त वाक्यात कर्ता लिहा.